मालन चार दिवस बाहेर बसली

लालबागच्या आमच्या चाळीत मालनला सगळे गरीब गाय म्हणायचे. असं म्हणणाऱ्यांपैकी कोणी तिच्याशी घटकाभर बसून बोललं असेल असं मला वाटत नाही. मी बोलले आहे. तिची खोली माझ्या खोलीला लागून होती. मधली भिंत इतकी पातळ, की मी इकडे खिळा ठोकला तर तिकडे तिच्या देवांच्या तसबिरी हलायच्या. तिच्या घरातलं भांडण मला ऐकू यायचं आणि माझ्या घरातलं तिला. त्यामुळे आमच्यात उगाच आडपडदा नव्हता.

मी मूळची गिरगावातली. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा माहेरच्यांनी नाकं मुरडली होती, कारण चाळ सगळी कोकणातल्या गिरणी कामगारांची आणि माझे यजमान, श्यामकांत, त्यातले एकटेच गिरणीच्या हापिसात खुर्चीवर बसणारे. पण आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या दक्षिणेकडच्या टोकाला, आणि या एका गोष्टीमुळे चाळीत मला मोठा मान होता. कोकण दक्षिणेला. गावी निघणाऱ्याने मुहूर्तावर प्रस्थान ठेवायचं ते दक्षिणेकडच्या घरात. म्हणजे आमच्याच.

प्रस्थान म्हणजे एक लहानसं गाठोडं. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि नेसूचं एखादं वस्त्र. बोट संध्याकाळची असो की दोन दिवसांनी असो, चांगल्या मुहूर्तावर ते गाठोडं घराबाहेर पडलं, की माणूस निघाला असंच धरायचं. मग खरोखर निघताना ते उचलायचं आणि थेट बंदर गाठायचं. त्याला कोणाचा विटाळ होता कामा नये. झालाच, तर गाठोडं समुद्रात सोडायचं आणि नवा मुहूर्त बघायचा. श्यामकांत या सगळ्याला हसायचे. मीही हसायचे, पण माझ्या देव्हाऱ्याखालची फळी कायम स्वच्छ पुसलेली असायची.

मालनचा नवरा बुधाजी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होता. उंच, हाडापेराने मजबूत, कामाला वाघ आणि हट्टाला त्याहून वरचढ. गावच्या देवीच्या जत्रेत देवळाभोवती फेरे निघतात, त्यातली पहिली दिवटी धरायचा मान त्याच्या घराण्याचा. गावात त्याची जमीन म्हणाल तर भाताचे चार कोपरे, घर म्हणाल तर गळकं. पण ती दिवटी हातात आली, की साऱ्या गावाने त्याच्या मागून चालायचं. वर्षभर साच्यांच्या खडखडाटात तो माणूस त्या एका रात्रीवर जगायचा. जत्रेआधी तो पाळणूक करायचा. म्हणजे मासे नाहीत, मटण नाही, चटईवर झोपणं, आणि विटाळाची सावलीसुद्धा अंगावर येऊ द्यायची नाही.

हे सारं त्या काळातलं, जेव्हा दोन भाषांचं एकच राज्य आमच्या गळ्यात घातलं होतं आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी दर आठवड्याला कुठेतरी सभा असायची. आमच्या चाळीत बाबुराव नावाचे गृहस्थ कमिटीचे सेक्रेटरी होते. त्यांच्याकडे पत्र्याचा एक कर्णा होता. तो तोंडाला लावून ते जिन्यात उभे राहायचे आणि "सभेला चला" म्हणून ओरडायचे. त्या वर्षी कार्तिक संपता संपता एका सकाळी कर्णा वाजला, पण बाबुराव सभेचं काही बोलले नाहीत.

"मोठा वारा येतोय हो! रेडिओवर सांगितलंय! तिसऱ्या मजल्यावर पत्रे बांधायचेत! ज्यांच्याकडे दोर आहे त्यांनी दोर काढा, बायांनी पाटे वर धाडा!"

आमच्या चाळीचे खालचे दोन मजले जुने, पक्के होते आणि तिसरा मागाहून चढवलेला, पत्र्याचा. साध्या पावसाळ्यातही तो फडफडायचा. तेव्हा सगळ्यांचे पाटे-वरवंटे, दोन जाती आणि व्यायामशाळेतली वजनं पत्र्यावर चढवली गेली. मोर्च्याला जमणारी पोरं एका हाकेत जमली आणि काथ्याचे दोर पत्र्यावरून टाकून खांबांना आवळायला लागली. खाली बायकांनी पिंपं भरली, रॉकेल आणून ठेवलं, भाकऱ्या भाजून फडक्यात बांधल्या. पाटे वर गेल्यामुळे वाटणाशिवायचं कालवण करावं लागलं आणि त्यावरून वाऱ्यापेक्षा जास्त आरडाओरडा झाला. माहीमहून मासळी घेऊन येणारी बाई सांगत होती, की कोळ्यांनी होड्या पार वर, घरांच्या भिंतीपर्यंत ओढून घेतल्या आहेत. तिची पाटी त्या दिवशी अर्धीच होती.

बुधाजीचं प्रस्थान आदल्या दिवशीच माझ्याकडे येऊन पडलं होतं. त्याच दिवशीच्या, बुधवारच्या बोटीचं त्याचं तिकीट होतं आणि शनिवारी जत्रा. दुपारी तो भाऊच्या धक्क्यावर जाऊन आला. बंदरात धोक्याचा बावटा लागला होता. बोट रद्द. पुढची कधी, ते कोणी सांगेना. एस.टी.ने जावं, तर मधल्या खाड्या ओलांडून नेणाऱ्या होड्या बंद केलेल्या. कोल्हापूरवरून जावं, तर तिथल्या गाड्यांना माणसं टपावर बसायला तयार आणि जागा नाही. हे सगळं बुधाजीने गॅलरीत उभं राहून सांगितलं. पण त्याचा चेहरा पडलेला नव्हता, तेव्हाच मला शंका आली.

"लाकडी बंदरावर गावचो तांडेल गावलो," तो म्हणाला. "कौलां उतरून मचवो रिकामो जाताहा. वाऱ्याआधी देवगड गाठतलो म्हणता. संध्याकाळच्या भरतेक सुटताहा. मी आणि रामू जातंव."

रामू त्याचा चुलतभाऊ, पलीकडच्या चाळीतला. श्यामकांत दारात पेपर घेऊन उभे होते. ते म्हणाले, "बुधाजी, बोट जात नाही तिथे शिडाचा मचवा जाणार? डोकं ठिकाणावर आहे ना?" बाबुरावांनी समजावलं. रेडिओवरची सूचना तीनदा सांगितली. बुधाजी सगळ्यांचं ऐकून घेत होता, मान डोलवत होता आणि ट्रंकेला दोरी बांधत होता. शेवटी म्हणाला, "देवीच्या कामाक जातंय. ती बघून घेतली."  मला त्याचा असा राग आला, की वाटलं, ती ट्रंक उचलून त्याच्या पायावर टाकावी.

मालन या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. आता तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या वेळी चाळीत फक्त मला ठाऊक होती. तिला दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दोनदा पोट राहिलं आणि दोनदा गेलं. दोन्ही वेळा आनंदाने आधी सांगून टाकलं आणि मग सगळ्यांची तोंडं बघायची पाळी आली. या वेळी तिने ठरवलं होतं, तिसरा महिना पुरा होईपर्यंत नवऱ्यालाही सांगायचं नाही. मला कळलं ते भिंतीमुळे. सकाळच्या तिच्या ओकाऱ्या ऐकू आल्या, मी गेले आणि तिने माझा हात धरला. तिसरा पुरा व्हायला अजून थोडे दिवस होते.

बुधाजी रामूला बोलवायला खाली गेला तशी मी तिच्या खोलीत शिरले. म्हटलं, "मालन, सांगून टाक त्याला. पोटात पोर आहे म्हटल्यावर जाणार नाही तो."

"सांगलंय तर आधी जाती, वैनी," ती म्हणाली. "दोनदा गेला ता देवीचो कोप म्हणान गेला, असा तेंका वाटता. आता कळला तर नवस बोलूक पोहत जाती."

खरं होतं. मला सुचलं नव्हतं, तिला सुचलं होतं. ती उठली, हात धुतले, केस बांधले आणि माझ्याबरोबर माझ्या खोलीत आली. देव्हाऱ्याखाली बुधाजीचं गाठोडं होतं. तिने ते उचललं, मांडीवर घेतलं आणि भिंतीला टेकून बसली. मला वाटलं, बिचारी निदान त्याचं गाठोडं तरी जवळ घेऊन बसली आहे. तेवढ्यात बुधाजी आला. उंबऱ्याबाहेर चपला काढून त्याने हात पुढे केला.

"दी गाठोडा."

मालनने मान खाली घातली. "माका शिवा नकात," ती म्हणाली. "कावळो शिवलो माका. मी भायर बसलंय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. पोटात गर्भ असलेली बाई तोंडाने असलं काही म्हणत नाही. स्वप्नातसुद्धा म्हणत नाही. ज्या दोन वेळी तिचं पोट गेलं, त्या दोन्ही वेळी असंच रक्त दिसून गेलं होतं. तेच शब्द तिने आपणहून उच्चारले आणि तेही देव्हाऱ्यासमोर. तिचे हात गाठोड्यावर घट्ट होते. 

बुधाजीचा हात तसाच पुढे होता. तो त्याने हळूच मागे घेतला. "मगे गाठोड्याक हात कित्याक लावलंस?"

"वैनींका झाडूक व्हया होता. बाजूक सारताना कळला."

तो गॅलरीत गेला, आत आला, परत गेला. मग ओरडला. काय काय बोलला ते लिहीत नाही, तो शिवराळ नव्हता आणि त्या दिवशी झाला. बाबुरावांनी पंचांग काढलं. दुसरा मुहूर्त भरतीनंतरचा, आणि उद्या गुरुवार, म्हणजे दक्षिणेला दिशाशूल. बाबुराव पंचांगात नेहमी एवढं बारीक बघत नसत. त्या दिवशी त्यांनी अगदी चष्मा पुसून बघितलं. रेडिओ, बावटा, श्यामकांतांचा पेपर, कशालाही न जुमानणारा तो माणूस त्या मूठभर तांदळांपुढे अडला. रामू एकटाच मचव्यावर चढला आणि दिवटीचा मान त्याच्याबरोबर गेला.

मालनचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. बाहेर बसली म्हटल्यावर बाहेर बसणं आलं. एरवी ती खोलीच्या कोपऱ्यात बसायची, पण बुधाजीची पाळणूक सुटली नव्हती. मान गेला तरी शनिवारपर्यंत पाळायचंच, असं त्याने ठरवलं, थोडं देवीसाठी आणि जास्त रागाने. म्हणून मालनने गोणपाट घेतलं आणि गॅलरीत, माझ्या आणि तिच्या दाराच्या मधल्या भिंतीला टेकून बसली. बुधाजी स्वतः भात शिजवायचा आणि ताटली दुरून सरकवायचा. मी तिला म्हटलं, "अगं, आत ये माझ्याकडे. आमच्यात असलं काही पाळत नाहीत." ती म्हणाली, "तेंनी बघितला तर? आज शिवाशीव नाय केलंय, तर उद्या इचारती." लबाडी करायची तर शेवटपर्यंत नीट करायची, असा तिचा हिशेब होता. मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

गुरुवारी दुपारपासून वारा धरला. आधी धूळ, मग सरी, मग नुसताच वारा. गिरण्यांची दुसरी पाळी अर्ध्यात सुटली. परळच्या नाक्यावर ट्रामच्या तारा तुटून लोंबत होत्या आणि एका मागे एक ट्रामा उभ्या होत्या. दादरहून माणसं चालत येत होती आणि सांगत होती, की झाडं पडून बस बंद आहेत आणि आगगाड्याही. श्यामकांत हापिसातून आले तेव्हा छत्रीचा नुसता दांडा हातात होता. पत्र्यावरचे पाटे सरकायला लागले होते. वरून दगडाचा घसटण्याचा आवाज आला, की खाली प्रत्येक बाई आपला पाटा ओळखायची आणि हाय खायची.

बुधाजी आणि बाबुराव गॅलरीच्या खांबाशी दोर धरून उभे होते. मालन तिथून चार हातांवर, गोणपाटावर, डोक्यावरून पदर घट्ट ओढून, दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती. ती भिजून चिंब झाली होती. बुधाजी तिच्याकडे बघत नव्हता. मग आमच्या टोकाचा पत्रा एका बाजूने उचलला गेला. मी मागचापुढचा विचार केला नाही. बाहेर गेले, तिच्या दंडाला धरलं आणि फरफटत माझ्या खोलीत आणलं. ती "शिवाशीव, शिवाशीव" म्हणत होती. मी म्हटलं, "खड्ड्यात गेली तुझी शिवाशीव." पत्रा गॅलरीत येऊन पडला तो ती बसली होती त्याच जागी. एक पाटा त्याच्याबरोबर आला आणि दोन तुकडे झाला. तो माझाच निघाला.

मी तिला कोरडं लुगडं दिलं, सुंठ घालून चहा दिला. ती कप दोन्ही हातांत धरून बसली. मग म्हणाली, "वैनी, मी तोंडान बोललंय ता खरा झाला तर?" तेव्हा मला तिची भीती कळली. वाऱ्याची नव्हती ती. पुढचे सगळे दिवस ती दर थोड्या वेळाने मोरीत जाऊन यायची आणि माझ्याकडे बघून मान हलवायची, की नाही, सगळं ठीक आहे. मी नास्तिकाची बायको, पण त्या दिवसांत देव्हाऱ्यापुढे दिवा लावताना माझी वात चुकत नव्हती.

शुक्रवारी वारा उतरला आणि मालन चार दिवस पुरे करायला परत गोणपाटावर जाऊन बसली. चाळीचे सात-आठ पत्रे गेले, जीव कोणाचा गेला नाही. आणि आठ दिवसांनी रामू परत आला. अंगाने खडखडीत, तोंडाने तेलकट. मचवा वाऱ्याआधी विजयदुर्गाच्या खाडीत शिरला होता, तिथून तो चालत जत्रेला वेळेवर पोचला, दिवटी धरली, गावजेवण जेवला. हे सगळं त्याने आमच्या गॅलरीत उभं राहून तपशिलात सांगितलं. मेल्याला खोकला तरी व्हायचा होता.

म्हणजे मालनने जे केलं ते वायाच गेलं, असंच कोणीही म्हणालं असतं. बुधाजीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, पण मान गेला म्हणून त्याने बायकोशी बोलणं टाकलं. हवं-नको एवढंच. मालनने ते ऐकून घेतलं, त्याचे डबे भरले, त्याचे कपडे धुतले. पौषात तिने त्याला सांगितलं, की दिवस गेलेत. किती ते सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. तो आनंदला, पण दोनदा पोळलेला माणूस, आनंदही चोरून करायचा. माघात तो तिला प्रसूतिगृहात दाखवायला घेऊन गेला. तिथल्या नर्सने पोटाला हात लावला आणि म्हणाली, "सहावा लागला की. इतके दिवस कुठे होता?"

परत आल्यावर मालन आत गेली. बुधाजी माझ्या दारात उभा राहिला. साच्यावर उभा आणि आडवा धागा मोजणारा माणूस तो. वाटेतच त्याचं मोजून झालं होतं.

"वैनी, त्या बुधवारी ती भायर बसली नव्हती."

"नव्हती," मी म्हटलं. खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मला वाटलं, आता मानाबद्दल बोलेल, रामूबद्दल बोलेल. माझी उत्तरं तयार होती आणि ती गोड नव्हती. पण तो तिथेच उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "म्हंजे पोटुशी आसताना मी तिका त्या वाऱ्यात भायर बसवलंय."

 तो उठला, घरात गेला.  नंतर जळक्या तागाचा वास आला. मी डोकावले तर बुधाजी चुलीपुढे बसून ते गोणपाट फाडून फाडून आत घालत होता आणि मालन त्याच्या शेजारी बसून, धुराने की कशाने, डोळे पुसत होती. त्यानंतर मालन कधी बाहेर बसली नाही. आमच्या मजल्यावर ती पहिली. पुढे हळूहळू इतरांचीही गोणपाटं पायपुसणी झाली.

ज्येष्ठात मुलगी झाली. वजनदार, काळीसावळी, बापासारखी उंच कपाळाची. पुढच्या कार्तिकात समुद्र शांत होता, बोटी वेळेवर चालू होत्या आणि बुधाजीकडे तिकिटं होती, दोघांची. प्रस्थानाच्या सकाळी त्याने गॅलरीत नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. चाळीतले सगळे गावकरी भोवती उभे होते. पोर, घर, गिरणी, संयुक्त महाराष्ट्र, सगळं देवीच्या कानावर घालून झालं. मग तो थांबला आणि म्हणाला, "आणि गेल्या सालात माज्या घरातसून काय चुकला-माकला आसात, तर ता माजा, तिचा न्हय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुरुष ओरडले. त्यांना काय कळलं असेल ते असो. बायकांनी उत्तर द्यायची रीत नाही. पण दारात पोरीला घेऊन उभी असलेली मालनही म्हणाली, "व्हय म्हाराजा," आणि तिचा आवाज मला नीट ऐकू आला.

मग बुधाजीने गाठोडं माझ्याकडे आणलं. या वेळी ते मोठं होतं, त्यात एक लुगडं आणि एक इवलंसं झबलं होतं. मी ते घ्यायला हात पुढे केले, पण त्याने मला दिलं नाही. मागे वळून मालनच्या हातात दिलं आणि मला म्हणाला, "ह्या खेपेक तीच ठेयत, वैनी. आणि कोणी शिवला तरी चलात."

मालनने आत येऊन ते देव्हाऱ्याखाली ठेवलं. फळी मी पुसलेलीच होती.